भिंतीवरचे कागद

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कागद मी काढले. आक्कानं सुचवलं होतं, हे खरं. पण हात माझे होते.

माझ्या बायकोला सहा वर्षांपूर्वी फिट येऊ लागली. गोळ्यांनी झटके आटोक्यात आले तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं ओढणारी ही बाई आता तेल तापल्यावर मोहरीचा डबा हातात धरून नुसती उभी राहायची. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी समजावलं होतं, "झटके थांबले म्हणजे आजार संपला असं नाही. आधी काय, मग काय, एक काम अर्धं ठेवून दुसरं कसं धरायचं, तिथं मेंदू अडतो. कधी औषधांमुळंही. याला आळस म्हणू नका." मी मान हलवली. घरी आल्यावर आळसच म्हणत राहिलो.

उपाय तिनंच काढला. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर स्केचपेननं एकेक काम पायरीपायरीनं लिहून भिंतीला चिकटवलं. शेगडीच्या वरच्या कागदावर होतं: दूध ठेवलं की हलायचं नाही. उतू गेलं तर आधी बटण बंद. मग फडकं.

मुलीला बघायला जयसिंगपूरचे पाहुणे येणार होते, त्या दिवशी माझी थोरली बहीण, आक्का, सकाळीच आली. भिंत बघून म्हणाली, "ही काय बालवाडी मांडलीयास रं? पावणीबाई आत डोकावणारच. इचारलं तर काय सांगणार हाईस?"

आजाराचं आम्ही पाहुण्यांना कळू दिलं नव्हतं. मी एकेक कागद सोलून काढला.

"अहो, शेगडीवरचा तेवढा राहू द्या की," बायको म्हणाली.

"चार माणसांच्या चहाला कागद लागतोय व्हय?"

कागदांची गुंडाळी मी माळ्यावर टाकली.

दुपारी पाहुणे आले. पोहे झाले. चहा काही येईना. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. ते माझ्या ध्यानात आलं होतं, तरी मी मुलाच्या वडिलांशी ऊसतोडीवर बोलत राहिलो. मुलाची आई देवाला नमस्कार करायला उठली. आमचा देव्हारा स्वयंपाकघरातच. आक्का निरांजन लावायला तिच्या पुढं गेली. काड्यापेटी खुळखुळल्याचं मला बाहेर ऐकू आलं, आणि त्याच वेळी वास आला.

"आक्का, काडी वढू नगंस!" मी ओरडत धावलो.

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण उघडंच होतं, गॅस फुसफुसत होता. बायको हातात फडकं घेऊन उभी होती. ती ओट्याकडे बघतच नव्हती. भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग उरले होते, त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

मी बटण बंद केलं, खिडकी उघडली. आणि मग सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलो, "एवढंसुद्धा भान न्हाय तुला? समद्यांना जाळणार होतीस!"

कागद कुणी काढले, हे ती सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही. पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले.

खिडक्या उघड्या ठेवूनही तो वास मला दोन दिवस येत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेगडीपाशी गेली आणि लायटरला हात न लावता माघारी फिरली. मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, आई आता शेगडीला घाबरतीय."

त्या संध्याकाळी मी आक्काला बोलावून घेतलं, मुलीला बसवलं. माळ्यावरचे कागद आणून बायकोसमोर ठेवले आणि दोघींच्या देखत तिला म्हणालो, "हे मी काढले. तुझ्या आजाराची लाज मला वाटत होती. त्या दिवशी ओरडलो तेही माझंच झाकायला. चुकलो मी. मला माफ कर."