एक पत्ता, दोन यंत्रं

बसवनगुडीतल्या एका क्लासमध्ये कावेरीबाई नेटवर्किंग शिकवतात. माहेर निपाणीचं, सासर इथलंच, त्यामुळे मराठीत मध्येच कानडी शब्द येतो, ‘जरा थांबा’चं ‘स्वल्प थांबा’ होतं. पहिल्या तासाला त्या पत्ता शिकवतात. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता हवा. एकच पत्ता दोघांना दिला, तर निरोप कधी याच्याकडे जातो, कधी त्याच्याकडे, आणि पुरता कुणालाच मिळत नाही.

त्यांचा मुलगा वेदांत बायकोबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला राहतो. “यायला जमत नाही, रिंग रोडचा ट्रॅफिक, आई,” असं तो म्हणायचा आणि त्या मान्य करायच्या.

गौरीच्या हळदीकुंकवाला त्या त्याच्या सासूकडे, बनशंकरीला गेल्या. शुभदाबाई मूळच्या पुण्याच्या, हौशी. कावेरीबाईंनी सहज वायफायचा पासवर्ड विचारला.

“मला कुठं ठाऊक? जावईबापूंनीच बसवलंय सगळं. अख्खा रविवार खपले हो. मग पुरणपोळ्या करून घातल्या. तुमचं बरंय विहीणबाई, तुम्हाला कुणाची गरजच नाही.”

कावेरीबाई हसल्या. बनशंकरीहून बसवनगुडी रिक्षाने किती जवळ, ते त्यांनी येतानाच पाहिलं होतं. परतताना ते अंतर आणखी कमी वाटलं.

घरी येऊन त्यांनी साडीही बदलली नाही. लॅपटॉप उघडला, सेटिंगमध्ये गेल्या आणि त्याला टीव्हीचाच पत्ता देऊन टाकला. मग फोन लावला.

“वेदांत, नेट सारखं तुटतंय रे.”

“तुझं? मी काय सांगणार तुला?”

“सांगू नकोस. ये.”

शनिवारी तो आला. आईनेच शिकवल्याप्रमाणे त्याने आधी तारा तपासल्या, मग राऊटर, मग लॅपटॉप. तिथे त्याचा हात थांबला.

“टीव्हीला आणि याला एकच पत्ता कुणी दिला?”

“होतं असं कधी कधी.”

“आपोआप नाही होत, आई. पहिल्याच तासाला शिकवतेस तू हे.”

कावेरीबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्या मिक्सरचं झाकण लावत होत्या, तेवढ्यात वेदांतने आत डोकावून पाहिलं.

“पुरण? आज कुठला सण?”

“तिकडचं जोडायला किती वेळ लागला होता तुला?”

“रविवार गेला सगळा. का?”

“सरी, बरं,” त्या मागे न वळता म्हणाल्या, “मग इथलंही सावकाश कर.”