मैदानाकडे पाठ

मंदाची आई आमच्या मंडळाच्या मुलींच्या प्रत्येक सामन्याला यायची आणि कबड्डी मात्र कधीच बघायची नाही. भाजीची टोपली पालथी घालून ती मैदानाच्या कडेला बसे, आमच्याकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करून. आम्ही सगळ्या तिला काकी म्हणायचो. चंदनसारला त्यांची भातशेती होती, थोडी भाजीही होती. विरारच्या बाजारात लाल माठाच्या जुड्या खपल्या की ती थेट मैदानावर हजर होई.

एकदा मी न राहवून विचारलंच, की काकी, लेकीचा खेळ बघत का नाहीस? ती म्हणाली, "तुमच्याकडं पंच बगतात. लोकांकडं कोन बगनार?"

नव्वदचं दशक होतं. मुलींनी हाफपँट घालून मातीत लोळणं हा बघ्यांना आयता विषय. कुणी पोरगा अचकट काही बोलला की काकी उठून त्याच्यासमोर उभी राही आणि शांतपणे विचारी, "कोनाचा रे तू?" उत्तराची तिला गरज नसे. भाजीमुळे निम्म्या विरारच्या आया तिच्या ओळखीच्या होत्या, आणि हे त्या पोरालाही ठाऊक असे. फुलपाड्याचा एक महाभाग तर पुढच्या सामन्यापासून आमच्या बाजूने टाळ्या वाजवू लागला.

घरच्या बायकाही तिला सोडत नसत. एवढी वाढलेली पोर उघड्या पायांनी कुठे मिरवतेस, असं जावेने विचारलं, तेव्हा काकीने तिला साडी नेसून एक पकड करून दाखवायला सांगितलं होतं. लावणीच्या दिवसांत मंदाच्या वाटणीचं काम तीच उरकी आणि पोरीला सरावाला पिटाळी. रात्री तिच्याकडून कंबर चेपून घेई, तेवढीच वसुली.

माझे बाबा मुंबईला नोकरीला, शिस्तीचे आणि मोजकं बोलणारे. माझी दहावी झाली आणि त्यांनी सांगून टाकलं, की खेळ आता पुरे. वसईचा सामना तोंडावर आला होता. काकी आमच्या घरी आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "माजी मंदा जाते, हीपन येईल. मी हाय ना." बाबांना नाही म्हणवेना. पण हा शेवटचा सामना, असं त्यांनी मला बजावलं. मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

वसईला मध्यंतर झालं तशी काकीने मला जवळ बोलावलं. "तुजे बाबा आलेत. मागं खांबाकडं हायत. तुला पाडली तवा त्यांनी डोले मिटले." मला ते दिसलेच नव्हते. गर्दीकडे बघणारी तीच एकटी होती. तिने हात केला तसे बाबा अवघडत पुढे आले. पूर्वार्धभर ही बाई काय करत होती, ते त्यांनी समोरून पाहिलं असावं. ते म्हणाले, "ताई, आता तुम्ही खेळ बघा. लोकांकडे मी बघतो."

आणि माझे बाबा, ऑफिसच्या इस्तरीच्या कपड्यांत, मैदानाकडे पाठ करून उभे राहिले.

काकी वळून बसली. मी बाद होऊन तिच्या पुढ्यातच बसले होते. मंदा चढाईला गेली, दोघींनी तिचे पाय धरले, आणि त्या दोघींना ओढत तिने मधली रेषा गाठली. मागून काकीचा दबका आवाज आला, "ही माजीच ना गं?" मी नुसती मान हलवली.

सामना आम्ही जिंकलो. घरी आईने विचारलं, कशी खेळली पोरगी? बाबा चपला काढत म्हणाले, "अर्धीच पाहिली. उरलेली पुढच्या वेळी बघेन."

तिथून पुढे एकाने पूर्वार्ध बघायचा आणि दुसऱ्याने उत्तरार्ध, अशी दोघांची वाटणीच ठरली. मी कॉलेजभर खेळले. मंदा राज्याच्या संघात गेली, खेळावरच नोकरीला लागली.

काकी गेली तेव्हा आम्ही चंदनसारला भेटायला गेलो. बाबा मंदासमोर बसले. मग म्हणाले, "दर वेळी अर्धा खेळ बघायचा राहिला त्यांचा. माझ्यामुळे."

मंदाने पदराने डोळे पुसले. "नाय काका," ती म्हणाली, "अर्धा बगितला, तो तुमच्यामुलं."