आधी उडी, मग दाढी

"ए, पिक्चर थांबव जरा," भाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्या बापाच्या डोक्यात टपली मारली. "ऊठ रे. तुला जमतंय का बघू."

रविवारची दुपार. शाळेचा हॉल. खिडक्यांना ताडपत्री लावून अंधार केलेला. पडद्यावर एक सलून होतं. त्यातला न्हावी गिऱ्हाईक आलं की कमरेला नॅपकिन खोचून माकडउड्या मारायचा. गिऱ्हाईक त्याच्याच तोंडाला साबणाचा फेस फासायचं आणि तो जीभ बाहेर काढून चाटायचा. एवढाच विनोद. त्यावर अख्खं गाव पोट धरून हसत होतं.

बाबा उठले. साठी उलटलेला माणूस, एक गुडघा कायमचा धरलेला. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी कमरेला खोचला आणि उड्या मारल्या. तीन. चार. मग जीभ बाहेर काढली. शिट्ट्या वाजल्या, मोबाईल वर झाले. मागून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. बाबांनी परत करून दाखवलं.

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. मी टाळ्या वाजवल्या. लिहायची लाज वाटते, पण वाजवल्या.

त्या दिवशी आम्हाला पहिल्या रांगेत खुर्च्या मिळाल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा. "आज तुमचाच पिक्चर आहे, पुढे बसा," असा भाऊंचा निरोप होता. भाऊ म्हणजे गावातली निम्मी जमीन, दिवेआगरला पर्यटकांसाठी खोल्या, पंचायतीत शेवटचा शब्द. आमच्या सलूनचा गाळाही त्यांचाच. बाबा त्या खुर्चीसाठी अंघोळ करून, भांग पाडून आले होते. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

पिक्चर पुन्हा सुरू झाला आणि मला एक गोष्ट दिसली. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते भाऊंकडे बघत होते. भाऊंचे दात दिसले की बाबा हसायचे. मध्येच भाऊंना फोन आला. पडद्यावर सलूनचा आरसा फुटला, न्हावी पावडरच्या डब्यात तोंडघशी पडला, हॉल खदखदला. बाबा मात्र ढिम्म. भाऊंनी फोन खिशात टाकला, हसले, मग बाबाही हसले. पुढचा पिक्चर मी पाहिलाच नाही. कारण मघाशी टाळ्या वाजवण्याआधी मीसुद्धा भाऊंकडेच बघितलं होतं.

संध्याकाळपर्यंत बाबांचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या मित्राने लिहिलं, "कॉमेडी आहे यार, मनावर नको घेऊ." मी काय केलं? मीही एक हसणारा चेहरा टाकला. आईने तो व्हिडिओ एकदाच बघितला, फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी ती परत घासत होती.

मग सलूनमध्ये रोज तेच. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, "आधी उडी, मग दाढी." बाबा मारायचे उडी. वस्तऱ्यात ब्लेड बसवताना मला भयंकर राग यायचा. पण राग गिळायची सवय होती.

पुढच्याच महिन्यात भाऊंच्या नातवाचं जावळ निघालं. आमच्याकडे जावळाला न्हाव्याने घरी जायची रीत. पोर मामाच्या मांडीवर पाटावर, न्हावी खाली गोणपाटावर. शेवटी सुपातून तांदूळ, वर नारळ. याला मान म्हणतात. बाबा त्या मानावर जगले. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून सोबत मी गेलो.

अंगणात मांडव होता, मुंबईचे पाहुणे होते. आम्हाला बघून एक बाई किंचाळलीच, "अय्या, हाच तो व्हिडिओवाला!" भाऊ खूश. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी उडी, मग जावळ."

बाबांनी कात्री खाली ठेवली. टॉवेल खोचायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"बाबा, बसा."

"सोड रं. पावणं हायत."

मी भाऊंकडे वळलो. म्हटलं, "आम्ही जावळ काढायला आलोय. नाचायला नाही."

"गंमत कळत न्हाय का तुला?"

"कळते. तुम्ही मारा उडी. मी टाळ्या वाजवतो."

मामाच्या मांडीवरचं पोर तेवढं हातपाय हलवत होतं. भाऊंचा चेहरा लाल झाला. "गाळा खाली कर," ते म्हणाले. "आजच्या आज."

आणि बाबा भाऊंच्या पायाशी वाकले. "पोरगा खुळा हाय, भाऊ. मी नाचतो. तुमी बसा, मी नाचतो."

व्हिडिओपेक्षा, टपलीपेक्षा ते वाईट होतं. मी कात्री, वस्तरा, कंगवा धोकटीत कोंबला, बाबांना दंडाला धरून उठवलं आणि ओढत बाहेर काढलं. ते हिसके देत होते.

रस्त्यावर बाबा म्हणाले, "त्या घरची जावळं माझ्या बापानं काढली. भाऊंचं जावळसुदीक त्यानंच काढलं. तू त्या दाराला पाठ दावलीस." त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

आता तळा गावी एसटी स्टँडजवळ पत्र्याची टपरी टाकली आहे. दोन खुर्च्या, एक आरसा. गिऱ्हाईक अजून बेताचंच येतं. बाबा रोज येतात, कोपऱ्यात बसतात, भिंतीकडे बघतात. गावच्या कुणाच्या घरी मी आता कात्री घेऊन जात नाही. ज्याला केस कापायचे आहेत त्याने इथे यावं.

काल भाऊंचा माणूस आला. म्हणाला, "म्हाताऱ्याला एकदा पाठव. भाऊ म्हणतात, झालं गेलं विसरू. गाळा परत घ्या." बाबा ताडकन उठले. पायात चपला सरकवल्या. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. ते हसू मी ओळखतो.

मी दारात उभा राहिलो. त्या माणसाला म्हटलं, "भाऊंना सांग, नाही येणार."

बाबांनी मला शिवी घातली. घालू देत. ते मला कधीच माफ करणार नाहीत, हेही मला कळतं. पण माझ्या बापाला यापुढे कुणी नाचवणार नाही. भाऊ नाही, गाव नाही. आणि ते स्वतःच नाचायला निघाले, तर दारात मी आडवा उभा आहे.