चांगल्या डोळ्यावरची पट्टी

मोताळ्यातला तो चष्मेवाला गिऱ्हाइकाचा चष्मा स्वतःच्या मळक्या सदऱ्याला पुसतो आणि न मागता सल्ले देतो. माझ्या मुलीचा एक डोळा आळशी होता, म्हणजे तो नीट पाहायचं कामच करत नव्हता. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा दिला, शिवाय आळशी डोळा कामाला लागावा म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगितली. चष्मा करायला गेलो तर हा हसला.

"चांगला डोया झाकून वाईट सुधरते काय? काऊन पोरीले आंधयी करता?" म्हणत त्यानं तिची पट्टी ओढून काढली. ती रडली. घरी येऊन मी नवी लावली.

वर्षभरानं तिचे दोन्ही डोळे मिळून पाहू लागले, फेकलेला चेंडू ती झेलू लागली. परवा आम्ही त्याच्या दुकानात गेलो तेव्हा तो तिच्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगत होता, "हे पोरगी माह्याच चष्म्यानं सुधरली."

"काका, तुम्ही तर माझी पट्टी काढली होती," मुलगी म्हणाली.

"लहान होतीस तू. तुले काय आठवते?"