शिपायाची विचारपूस

विदर्भातल्या प्रतापगडाचा डोंगर पुन्हा एकदा पालथा घालून मी अर्जुनी मोरगावहून गोंदियाच्या एसटीत बसलो, तो कादंबरी लिहिणं सोडून द्यायचं ठरवूनच. जुने कागद वाचून डोळे शिणले होते, पण गडावरचा माझा शिपाई काही जिवंत होत नव्हता.

शेजारी एक म्हातारी बाई होती. बस वळली की ती एका हाताने मांडीवरची वांग्यांची पिशवी धरायची आणि दुसऱ्या हाताने माझा दंड.

"गडावर कायले गेलता, बाबू?" मी गडावरून येतोय म्हटल्यावर तिने विचारलं.

मी सांगितलं, जुन्या काळची गोष्ट लिहितोय. नवं लग्न झालेला एक शिपाई गडावर पहाऱ्याला जातो आणि लढाईत अडकतो. ऐकता ऐकता तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

तिचं गाव आलं. ती दारापर्यंत गेली, कंडक्टरला थांब म्हणाली आणि मागे वळली.

"मंग थो घरी आला का नाही?"

"अजून लिहिलं नाही, मावशी."

"मंग लिही ना बाप्पा. थे बाई वाट पाहून राहिली असन."

माझ्या शिपायाची कुणीतरी पहिल्यांदाच घरच्यासारखी विचारपूस केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लिहायला बसलो आणि त्याला घरी आणूनच थांबलो.

पुस्तक निघालं तेव्हा तिचं नाव ठाऊक नव्हतं. म्हणून पहिल्या पानावर छापलं, 'अर्जुनीच्या बसमधल्या मावशीस'. कुणीतरी तिला निदान शेवट वाचून दाखवला असेल, अशी मला आशा आहे.