मशीनसाठी चाकं शोधत नागपूरला

सांगली स्टेशनवर मला पोचवायला तीन माणसं आली आणि तिघांपैकी एकानंही माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष खोक्यात दोरीनं बांधलेल्या माझ्या शिलाई मशीनवर! उजवा खांदा आखडल्यापासून मला पाण्याची कळशीही उचलवत नाही, आणि आमच्या गोधडी मंडळाच्या मेळाव्याला तर प्रत्येकीनं आपापलं मशीन घेऊन जायचं असतं. यंदाचा मेळावा नागपूरजवळ काटोलला होता.

"हा शेवटचा," आमच्या ह्यांनी खिडकीतून बजावलं. "दर वेळी तुझं मशीन उचलायला माणसं कुठून आणू?"

"येताना एकटी आणते की नाही बघा," मी म्हटलं. "आणलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

गाडी हलली, म्हणून शेवटचा शब्द माझा राहिला. बोलून तर बसले, आता ते करून दाखवायचं होतं. मेळाव्याचे चार दिवस म्हणजे वर्षातले माझे स्वतःचे दिवस. ते हातचे जाऊ द्यायचे नव्हते. एकच उपाय होता: मशीनला चाकं लावायची. सांगलीत मनासारखी बॅग मिळाली नव्हती. आता सगळी भिस्त नागपूरवर.

मंडळातली माझी मैत्रीण प्रमिला मेश्राम नागपूरच्या नंदनवन भागात राहते. आजवर आमची मैत्री फोनवरची. दारात रिक्षा थांबली तशी ती धावतच आली.

"या नं ताई! कधीची वाट पाहून राहिली मी तुमची!" (तिकडे 'पाहून राहिली' म्हणजे आपलं 'पाहते आहे'.) "अन् मशीन कुठी आहे? आणली नं तिले?"

सांगलीत 'ते' असलेलं माझं मशीन नागपुरात पाऊल ठेवताच 'ती' झालं. मला ते इतकं आवडलं की मीही तिला लगेच 'ती' म्हणायला लागले.

जेवायला पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) होता. "तिखट चालते नं?" प्रमिलानं विचारलं. "आम्ही सांगलीचे!" मी मान ताठ करून सांगितलं. भिवापूरच्या मिरचीनं ती मान दोन घासांत खाली आणली. डोळ्यांतून धारा, उचक्यांवर उचक्या. "गूळ दे वं ताईले," प्रमिलाचे यजमान रमेशभाऊजी हसू दाबत म्हणाले. मी गूळ खाल्ला आणि रस्साही पुन्हा वाढून घेतला. हौसेला मोल नाही.

संध्याकाळी आम्ही मशीन रिक्षात घालून सीताबर्डीच्या बाजारात गेलो. बॅगांच्या दुकानदारानं खोक्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"माप सांगाचं नं ताई! मशीन काहून उचलून आणली?"

"मुलीचं माप सांगून लग्न जमतं का हो?" मी म्हटलं. गडी खूश झाला. त्यानं दुकानातल्या साऱ्या बॅगा बाहेर मांडल्या.

पहिली, चारही बाजूंना फिरणाऱ्या चाकांची. बोट लावलं की चालणारी! मशीन आत बसवली आणि मी भाळलेच. चष्मा पुसायला म्हणून एक क्षण हात सोडला. दुकानापुढे उतार होता, हे मी पाहिलं नव्हतं. बॅगेनं पाहिलं होतं. ती डुलत डुलत निघाली.

"अरे पकडा! ताईची मशीन पळून राहिली!" दुकानदार ओरडला. तो पुढे, प्रमिला मागे, त्यामागे एका हातात चष्मा धरलेली मी. समोरच्या संत्र्याच्या रसवाल्यानं पाय आडवा घालून तिला अडवलं. आता एवढं झाल्यावर रस न पिता परत कसं यायचं? दोघीही रस पिऊन परतलो.

दुसरी भाजी आणायची चाकांची पिशवी होती. मशीन ठेवताच तिचा दांडा असा वाकला, जणू आम्हाला नमस्कारच करतोय. तिसरी दणकट होती, पण तिचं तोंड वरच्या बाजूला. मशीन बाहेर काढायची तर सरळ वर उचलायला हवी. मी उचलून पाहिली आणि खांद्यातून अशी कळ आली की खालीच बसले. त्या वेळी मात्र हसू पळालं. ह्यांचंच खरं ठरतंय की काय, असं वाटून गेलं.

मग दुकानदारानं माळ्यावरून एक बॅग ओढून काढली. तळाला फळी, मागे दोन मोठी चाकं, दांडा लांब, आणि समोरची अख्खी बाजू दारासारखी उघडणारी. मशीन उभीच्या उभी आत सरकवायची, तशीच बाहेर ओढायची. उचलायचं नावच नको! फक्त रंग होता पोपटी. असा पोपटी, की डोळे मिटले तरी दिसावा.

"तपकिरी नाही का?"

"कायले पाह्यजे तपकिरी?" प्रमिला म्हणाली. "हे हरवली तर दिसन तरी!"

दुसऱ्या दिवशी काटोलची बस पकडायला स्टँडवर पोचलो. जागा धरायला प्रमिला आणि मी पुढे पळालो, बॅग घेऊन भाऊजी मागून येत होते. प्रमिला आत शिरून जागेवर बसली. मी दाराशी. इंजिन सुरू झालं, भाऊजींचा पत्ता नाही. खिडकीशी एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, "आजी, पोपटी बॅग दिसते का हो? त्यात माझी मशीन आहे."

आजींनी मान बाहेर काढली. "येऊन राहिली नं!"

बसच्या घरघरीत मला शेवटचंच ऐकू आलं. राहिली! नागपूरची सगळी शिकवणी त्या क्षणी डोक्यातून उडाली. आमच्याकडे राहिली म्हणजे मागे राहिली!

"थांबवा! बस थांबवा! मशीन राहिली!"

कंडक्टरनं घंटी वाजवली. मी खाली उडी टाकली आणि धावत सुटले. समोरून भाऊजी आरामात बॅग ओढत येत होते. मी त्यांच्या हातातून दांडा हिसकावला आणि तशीच माघारी पळाले. खड्डे, खडी, केळीची सालं, काही पाहिलं नाही.

"अवो ताई, काहून पळून राहिल्या?" भाऊजी मागून ओरडत होते. बसच्या पायरीशी, जागेवरून उठून आलेल्या आजींनी आणि मी मिळून बॅग वर चढवली. आजी म्हणाल्या, "मी म्हणून राहिली येऊन राहिली, अन् हे बाई पळून राहिली!" अख्खी बस हसत सुटली. कंडक्टरला तर तिकीट फाडता येईना.

हसू ओसरल्यावर प्रमिलानं हळूच विचारलं, "ताई, खांदा?"

मी खांदा चाचपून पाहिला. दुखत नव्हता. बॅग डाव्या हातानं ओढत, स्टँडचं सगळं आवार मी एकटी पळाले होते. मला इतका आनंद झाला की मी आजींचा गालगुच्चाच घेतला.

काटोलला बॅग उघडली, मशीन लावली, पहिली शिवण सरळ आली. नंतर मंडळातल्या एकूण एक बाईनं ती पोपटी बॅग अंगणात फिरवून पाहिली. तिथल्या संत्र्यांची पोती पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण मशीनच्या कडेला मोजून चार संत्री मावली.

परतीच्या प्रवासात गाडीत चढवायला एका सहप्रवाशानं हात दिला, उतरवायला दुसऱ्यानं. हात देणारं कुणी ना कुणी भेटतंच. पुढची वाट आपली आपल्याला ओढता आली म्हणजे झालं. सांगली स्टेशनवर हे पुन्हा दोन माणसं घेऊन उभे. त्यांनी दांड्याकडे हात केला, मी माझी पर्स त्यांच्या हातात दिली आणि पुढे चालू लागले. तिघंही मागून चालत आले.

नागपुरात काय काय पाहिलंस, असं शेजारणी विचारतात. सांगण्यासारखं एकही स्थळ मी पाहिलेलं नाही, आणि तरी इतकी तृप्त होऊन मी कुठूनच परतले नव्हते.

काल ह्यांनी विचारलं, "मशीन बॅगेतून काढून कपाटात ठेवू का?"

"असू द्या," मी म्हटलं. "भरलेली बरी. निघायला वेळ लागत नाही."