बिबट्याच्या मिशा

चित्रातला बिबट्या पुरा झाला होता, फक्त मिशा राहिल्या होत्या. मिशी एका दमात ओढावी लागते, मुळापासून टोकाकडे, हात हलका करत. म्हणून सर्वांत बारीक, शून्य नंबरचा ब्रश मी पांढऱ्या रंगात बुडवला, आणि त्याचं टोक थरथरताना दिसलं. पंख्याचा वारा असेल म्हणून पंखा बंद केला. टोक थरथरतच राहिलं.

वडिलांच्या हातातला चहा शेवटी शेवटी असाच बशीत सांडायचा.

घाईघाईने मी रुंद, राठ केसांचा ब्रश उचलला आणि बिबट्यामागचं वाळलेलं गवत रंगवू लागलो. ते झकास उतरलं. मोठा ब्रश खांद्यातून चालतो, हाताच्या बऱ्याच चुका तो पोटात घालतो. बारीक ब्रशापुढे काही लपत नाही. गेले कित्येक महिने मी नुसते डोंगर आणि आभाळच का रंगवत होतो, ते आत्ता कळलं, आणि भीती जास्तच वाढली.

"मिशा नाही काढल्यास अजून?" माझी बायको सुमती दारातून म्हणाली.

"झोप नीट झाली नाही."

ती जवळ आली, माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग तिने माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी बारीक ब्रशाने पहिली मिशी ओढली. जराशी वाकडी आली, पण आली.

"कधीपासून होतंय?"

"दिवाळीपासून असेल."

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली. तेव्हा मला जाणवलं, तिचेही हात कापत होते.